पहिल्या रात्रीची पिशवी

उपनगरातल्या सोसायटीच्या सभेत ‘थंडीत अचानक घर सोडावं लागलं तर’ हा विषय काढला की आधी हशा पिकतो. तो रास्तही आहे. मुंबईची थंडी म्हणजे वर्तमानपत्रातला एक फोटो, वॉचमनची माकडटोपी आणि महाबळेश्वरच्या सहलीसाठी घेतलेलं, एरवी माळ्यावर पडून असलेलं स्वेटर. सांताक्रूझच्या वेधशाळेतला नीचांक ७.४ अंशांचा आहे खरा, पण तो २२ जानेवारी १९६२चा. एरवी जानेवारीतली पहाट सोळा-सतरा अंशांच्या आसपास असते. बोरिवली-मुलुंडला, राष्ट्रीय उद्यानाच्या कडेला, पारा आणखी थोडा उतरतो इतकंच. तरीही घाईत घर सोडताना उचलायच्या पिशवीचा विचार मुंबईकरानं थंडीपासूनच सुरू करावा, असं आपत्तीच्या तयारीच्या कामात राहून माझं ठाम मत झालं आहे. इथली थंडी पाऱ्यावर मोजून कळत नाही. ओलं अंग, वारा, खाली गार फरशी आणि नुसतं बसून काढायचे तास एवढं जमून आलं की माणूस जुलैतही कुडकुडतो. उपनगरांत घर सोडायची वेळ येते ती बहुतेकदा हे सगळं बरोबर घेऊनच.

तारखा पाहिल्या तरी हे ध्यानात येतं. २ जुलै २०१९ रोजी मालाडच्या पिंपरीपाड्यात जलाशयाची भिंत झोपड्यांवर कोसळली ती मध्यरात्रीनंतर. ९ जून २०२१ला मालवणीतली इमारत पडली ती रात्री अकराच्या सुमारास. १८ जुलै २०२१च्या एकाच रात्री चेंबूरच्या माहुल भागात आणि विक्रोळीच्या सूर्यनगरात घरं गाडली गेली, तिसाहून अधिक माणसं गेली. गोरेगावच्या जय भवानी इमारतीची आग ६ ऑक्टोबर २०२३ची, पहाटे तीनच्या आसपासची. याला अपवाद आहेत. घाटकोपरची सिद्धी साई इमारत २५ जुलै २०१७ रोजी सकाळी कोसळली आणि १७ जण दगावले. कांदिवली पूर्वेच्या दामूनगरात ७ डिसेंबर २०१५ रोजी सिलिंडरचे स्फोट होत हजाराहून अधिक झोपड्या जळाल्या त्या भरदुपारी. पण दुपारच्या आगीनंतरही रात्र यायची राहत नाही. दामूनगर जंगलाला लागून आहे आणि महिना डिसेंबरचा होता. कामावर गेलेली माणसं संध्याकाळी परतली तेव्हा त्यांच्याजवळ अंगावरच्या कपड्यांखेरीज काही उरलं नव्हतं. जे लोक मध्यरात्री बाहेर पडतात त्यांच्या अंगावर तर धड कपडेही नसतात. बनियन, लुंगी, गाऊन, पोरांच्या अंगात चड्डी. वरून पाऊस किंवा अग्निशमन दलाच्या पाइपांचं पाणी.

भिजण्याचा हिशेब इथे सांगायला हवा, कारण लोकांचा त्यावर चटकन विश्वास बसत नाही. पाणी हवेच्या सुमारे पंचवीस पट वेगानं उष्णता वाहून नेतं. अंगाला चिकटलेलं ओलं सुती कापड म्हणजे शरीरातली ऊब बाहेर नेणारा नळच. त्यात वारा सुटला की तेच पाणी वाफ होऊन उडताना आणखी उष्णता ओढून घेतं. धडधाकट माणूस शहारतो, दोन उड्या मारतो, चहा पितो, त्याचं निभावतं. म्हाताऱ्या माणसाला कुडकुडायचीही ताकद कमी असते. तान्ह्या बाळाचं वजन थोडं आणि त्या मानानं उघडी त्वचा जास्त, त्यातही डोकं मोठं; ते बोलून सांगत नाही, नुसतं निपचित होतं. मुंबईत माणसं गारठून मरतात असा माझा दावा नाही. माझं म्हणणं एवढंच की ज्याला दमा आहे, हृदयविकार आहे, डायलिसिस चालू आहे, त्याला ती एक ओली रात्र पुढचे पंधरा दिवस महागात पडते आणि तो हिशेब दुर्घटनेच्या बातमीत कधीच येत नाही.

जपाननं तो हिशेब मांडला. १७ जानेवारी १९९५ रोजी पहाटे पावणेसहाला कोबे शहर हादरलं. मृतांचा अधिकृत आकडा ६,४३४ आहे आणि त्यातले सुमारे नऊशे भूकंपाच्या धक्क्यात दगावलेले नाहीत. ते नंतर गेले. गार पडलेल्या शाळांच्या सभागृहांत, फ्लू आणि न्यूमोनियानं, हृदय थकून, बहुतेक वयस्क. तिथल्या सरकारनं हे मृत्यूही आपत्तीच्याच खात्यावर लिहिले. आपल्याकडे ११ डिसेंबर १९६७ला कोयनानगरला पहाटे सव्वाचारच्या पुढे भूकंप झाला, तोही ऐन थंडीत, पाटणच्या डोंगराळ खोऱ्यात. दीडशेहून अधिक माणसं गेली ती आपण मोजली. घरात परत जायला धजावत नसलेल्यांनी त्यानंतरच्या थंडीतल्या रात्री उघड्यावर काढल्या, त्यात किती आजारी पडले, किती म्हातारे पुढचा उन्हाळा पाहू शकले नाहीत, हे कुणी मोजलं नाही. मोजलं नाही म्हणून घडलं नाही असं होत नाही.

म्हणून ही पिशवी पळण्यासाठी भरायची नाही, थांबण्यासाठी भरायची. फरक इथेच पडतो. थंड देशांतून आलेल्या याद्या वेगळ्या परिस्थितीसाठी लिहिलेल्या असतात: बर्फात अडकलेली गाडी, मैलोन्‌मैल माणूस नाही, तीन दिवस मदत यायची नाही. त्यात तंबू असतो, कुऱ्हाड असते, माणशी दररोज चार लिटर पाणी असतं. पाच जणांच्या घराला तीन दिवसांचं म्हणजे साठ लिटर. चौथ्या मजल्यावरून अंधारात साठ किलो पाणी उतरवणारं कुटुंब मला तरी ठाऊक नाही. घाटकोपरला जिना उतरलात की समोर माणसांची गर्दी असते. तिथे एकटेपणानं कुणी मरत नाही. तिथे होतं असं की आपण नाक्यावरच्या बंद दुकानाच्या फळीवर, बेस्टच्या थांब्यावर किंवा पालिका शाळेच्या वर्गात सकाळची वाट पाहत बसून राहतो. कुणीतरी यादी करायला येतो, कुणीतरी चहा वाटतो, कोण सापडलं कोण नाही याची कुजबुज चाललेली असते. तेवढे आठ-दहा तास अंग कोरडं राहावं, औषध चुकू नये आणि सकाळी सरकारी कचेरीच्या खिडकीसमोर उभं राहताना हातात कागद असावा, एवढंच या पिशवीचं काम. तिनं आयुष्य नव्यानं उभारून द्यावं अशी अपेक्षा ठेवली की ती इतकी फुगते की दाराशी राहत नाही, माळ्यावर जाते. माळ्यावरच्या पिशवीचा उपयोग शून्य.

पिशवी म्हणून मुलांचं जुनं दप्तर उत्तम. दोन पट्टे असतात, हात मोकळे राहतात, एका हातात कठडा आणि दुसऱ्यात पोराचं मनगट धरता येतं. घरातल्या सगळ्यांत अशक्त मोठ्या माणसाला जे उचलून चार जिने उतरता येईल तेच तिचं वजन. साधारण पाच किलो झाले की थांबावं. सगळ्यांत वर पंचा ठेवावा, टर्किश टॉवेल नव्हे. पंचा हलका असतो, पिळला की पुन्हा वापरता येतो, आणि भिजलेल्या माणसाला सगळ्यांत आधी कोरडं पुसणं लागतं. त्याखाली म्हाताऱ्यांचा आणि मुलांचा एकेक पूर्ण जोड. बाकीच्यांना अंगालगतचं एक कोरडं बनियन आणि वर एखादं पातळ फ्लीसचं किंवा लोकरीचं जाकीट पुरतं. आतला थर कोरडा असला की बाहेरचा ओलसर चालतो, उलटं चालत नाही. पायमोजे, कानटोपी, बाळाचं टोपडं आणि दुपटं. प्रत्येकाचे कपडे वेगळ्या प्लास्टिकच्या पिशवीत, हवा दाबून काढून, तोंड पिळून रबर लावलेले. हे शेवटचं काम कंटाळवाणं आहे आणि तेच टाळलं जातं. दप्तर ‘वॉटरप्रूफ’ आहे असं दुकानदार सांगतो ते शिवणीपर्यंत खरं असतं. पाणी चेनमधून आणि शिवणीतून आत येतं, आणि मग सगळे कोरडे कपडे एकदम ओले होतात.

पांघरूण म्हटलं की आपला हात आपोआप गोधडीकडे जातो. आजीच्या लुगड्यांची गोधडी अंगावर घेण्याच्या सुखाबद्दल मला काही वाद घालायचा नाही, पण या कामाला ती नालायक आहे. सुती कापडाचे पाचसात थर पाणी पितात, ती दुप्पट जड होते आणि पावसाळ्यात तीन दिवस वाळत नाही. घोंगडी मात्र वेगळी. धनगर भर पावसात मेंढरांमागे घोंगडी पांघरून फिरतो ते परंपरा म्हणून नाही. लोकर ओली झाली तरी तिच्या तंतूंमध्ये हवा अडकून राहते आणि ऊब पुरती जात नाही. घोंगडी पिशवीत मावत नाही हे खरं, पण जुन्या लोकरी शालीचा तुकडा मावतो. चांदीच्या वर्खासारखी चकचकणारी प्लास्टिकची पांघरुणं आता ऑनलाइन मिळतात, रुमालाएवढी घडी होते त्यांची. ती शरीराचीच उष्णता परत फेकतात आणि वारा अडवतात. घ्यायला हरकत नाही, फक्त ओल्या कपड्यांवरून गुंडाळून चमत्काराची वाट पाहू नये. आणि पांघरुणापेक्षा महत्त्वाचं आहे ते अंथरूण. लोक वरून तीन चादरी घेतात आणि खाली थेट फरशीवर बसतात. शाळेच्या व्हरांड्यातली लादी रात्रभर अंगातली ऊब शोषत राहते, तिला वरच्या चादरींनी काही फरक पडत नाही. वर्तमानपत्राचे जाड थर, किराणा दुकानाच्या मागे पडलेली पुठ्ठ्याची खोकी उलगडून, व्यायामाची फोमची चटई, यांतलं काहीही चालतं. पुठ्ठा फुकट मिळतो, पण तो मागायचा असतो हे त्या क्षणी सुचायला आधी कुणी तरी सांगितलेलं असावं लागतं.

आता कागद. उपनगरांच्या बाबतीत माझ्या मते ही पिशवी इथेच कपड्यांपेक्षा जास्त काम करते, आणि परदेशी याद्यांना याची कल्पनाच नसते. वस्तीतलं घर सोडायला माणूस का तयार नसतो? पालिका दर पावसाळ्याआधी अतिधोकादायक, म्हणजे ‘सी-१’ इमारतींची यादी काढते, पालिका कायद्याच्या कलम ३५४ची नोटीस लावते, डोंगरउतारावरच्या वस्त्यांना स्थलांतराच्या सूचना देते. लोक नोटीस वाचतात आणि तिथेच राहतात. बाहेरच्यांना तो हट्ट वाटतो. त्यामागे साधा हिशेब असतो: एकदा बाहेर पडलो तर परत आत येण्याचा हक्क कशाच्या जोरावर सांगायचा? झोपडपट्टी पुनर्वसनात १ जानेवारी २०००च्या आधीचा पुरावा असला तर मोफत घर, त्यानंतर १ जानेवारी २०११पर्यंतच्यांना पैसे भरून. म्हणजे वीस-पंचवीस वर्षांपूर्वीचं एक मळकं वीजबिल, झोपडीधारकाचा सरकारी फोटोपास, मतदारयादीचा उतारा यांवर एका कुटुंबाचं लाखो रुपयांचं छप्पर टांगलेलं असतं. अशा घरातला माणूस आगीतून बाहेर येऊन पुन्हा आत धावतो तो टीव्हीसाठी धावत नाही. तो कागद आधीच दाराच्या खुंटीवरच्या दप्तरात असेल तर त्याला परत जायचं कारण उरत नाही, आणि नोटिशीनंतर निघणंही थोडं सोपं होतं. पिशवीनं जीव वाचतो असा काही दावा करायचा झाला तर मी एवढाच करीन.

कागद निवडताना ‘महत्त्वाचा कोणता’ असं विचारू नये, ‘पुन्हा मिळायला अवघड कोणता’ असं विचारावं. आधार महत्त्वाचं आहे, पण ते पुन्हा छापून मिळतं. त्याची झेरॉक्स पुरे. पागडीच्या जुन्या पावत्या, सोसायटीचं शेअर सर्टिफिकेट, फोटोपास, जातीच्या दाखल्यासाठी लागणारा आजोबांचा शाळा सोडल्याचा दाखला, यांची दुसरी प्रत काढायला वर्षं जातात. ते मूळ रूपात, दोन झिपच्या पिशव्यांत, एकीत दुसरी. औषधांचंही तसंच बारकाईनं पाहावं लागतं. घरोघरी गोळ्यांची पट्टी कात्रीनं कापून चार गोळ्या ‘इमर्जन्सी’ म्हणून ठेवलेल्या असतात. कापलेल्या तुकड्यावर नाव अर्धं उरतं, मुदतीची तारीख दुसऱ्याच टोकाला गेलेली असते, आणि शिबिरातला डॉक्टर तो चंदेरी तुकडा उजेडात फिरवून हताशपणे परत देतो. पूर्ण पट्टी ठेवावी, नाहीतर चिठ्ठी लिहून चिकटवावी. इन्सुलिन पिशवीत टिकत नाही, ते फ्रिजमध्येच राहणार. म्हणून दप्तराच्या वरच्या कप्प्यावर मार्करनं ‘फ्रिज – इन्सुलिन’ असं मोठ्या अक्षरांत लिहावं. जुन्या नंबरचा का होईना, चष्मा ठेवावा. चष्म्याशिवाय म्हाताऱ्या माणसाला फॉर्मही भरता येत नाही आणि जिन्याची पायरीही दिसत नाही.

यावर पहिलं उत्तर येतं ते असं की मुंबईत माणसं मदतीला धावतात, पिशवी कशाला हवी. धावतात, यात शंका नाही. २६ जुलै २००५ला अनोळखी घरांची दारं उघडली, रस्त्यावर बिस्किटं वाटली गेली. पण मदत सगळ्यांना लागेल तेच आणते. वडापाव येतो, पाणी येतं, चादरी येतात. तुमच्या थायरॉइडच्या गोळीची मात्रा आणि तुमच्या फोटोपासचा क्रमांक कुणी आणत नाही. त्या दिवसाची दुसरी गोष्ट मला जास्त बोलकी वाटते. चोवीस तासांत सांताक्रूझला ९४४ मिलिमीटर पाऊस झाला आणि कुलाब्याला ७३. म्हणजे संकट आपल्या परिसरापुरतं असू शकतं, आणि दादरच्या मावशीचं घर कोरडं असू शकतं. तिथपर्यंत पोचायला टॅक्सीचे रोख पैसे, तेही सुट्टे, हवेत. फोनवर सगळं असतं असं आता तरुण मंडळी सांगतात. डिजिलॉकर २०१५पासून आहे आणि प्रत्येकानं वापरावं. पण १२ ऑक्टोबर २०२०ला ग्रिड कोसळून सगळ्या महामुंबईची वीज गेली होती, आणि मध्यरात्री बाहेर पडणाऱ्याचा फोन उशाशी चार्जिंगला लावलेला राहतो हे सांगायला ग्रिडचीही गरज नाही. पाच फोन नंबर कागदावर लिहून ठेवायला काय जातं?

आगीचा आक्षेप मात्र खराखुरा आहे. सामान घ्यायला थांबू नका, हे अग्निशमन दल सांगतं ते बरोबरच आहे, आणि पिशवीचा आग्रह त्याच्या आड येत असेल तर पिशवी सोडावी. दप्तर दाराच्या मागेच लटकवायचं ते यासाठी: बाहेर पडताना हात आपोआप पोचला तर घ्या, एक पाऊल मागे टाकावं लागत असेल तर राहू द्या. जागेची अडचण सांगतात त्यांचंही चूक नाही, २२५ चौरस फुटांत पाच माणसं राहतात. पण एका खिळ्यापुरती भिंत तिथेही असते. राहिलं अभद्र बोलण्याचं. वर्षभर घर सोडायची पिशवी दारात टांगणं म्हणजे संकटाला आवतण, असं बायका आणि पुरुष दोघंही म्हणतात. याच घरांतून आठवा महिना लागला की बाळंतपणाची पिशवी भरून ठेवतात, तिच्यात दुपटी असतात, फाईल असते, पैसे असतात, आणि त्याला कुणी अपशकुन म्हणत नाही. ज्यांना ‘इमर्जन्सी बॅग’ हा शब्द डाचतो त्यांच्यापुढे मी ते उदाहरण ठेवतो, आणि निदान स्वयंपाकघरातून हरकत येणं थांबतं.

सगळ्यांत वजनदार आक्षेप चळवळीतली माणसं घेतात. उतारावर संरक्षक भिंत बांधणं, नाला रुंद करणं, पर्यायी घर देणं ही सरकारची आणि पालिकेची कामं; ती झाली नाहीत म्हणून गरिबानं दप्तर भरून झोपायचं, हा कुठला न्याय? घाटकोपरच्या आझादनगरात १२ जुलै २०००ला दरड कोसळून साठाहून अधिक माणसं गेली, २००५मध्ये साकीनाक्याला सत्तरच्या वर. डोंगर तेच, उतार तेच, सूचनांचा मजकूरही जवळपास तोच. या आक्षेपाला माझ्याजवळ प्रत्युत्तर नाही आणि द्यायचंही नाही. पिशवी भिंतीची जागा घेऊ शकत नाही. ढिगाऱ्याखाली सापडलेल्याला तिचा काडीचा उपयोग नाही. भिंत मागणाऱ्याच्या हातात पन्नास वर्षांचे कागद सुरक्षित असले तर मागणी जास्त जोरानं करता येते, इतकंच मी म्हणेन. पालिकेच्या कोणत्याही अधिकाऱ्यानं ‘आम्ही नागरिकांना पिशव्या भरायला शिकवलं’ असं सांगून उताराचा प्रश्न टाळला तर त्याला सभेत तिथल्या तिथे अडवावं.

पिशवी वर्षातून दोनदा उघडावी लागते: मे अखेरीला छत्र्या बाहेर काढताना आणि दिवाळीच्या साफसफाईत. मुलांचे कपडे सहा महिन्यांत आखूड होतात, बॅटरी गळते, गोळ्यांची मुदत संपते. फोमच्या चटया, पुठ्ठे, चारदोन जुन्या शाली घरोघरी ठेवण्याऐवजी सोसायटीच्या ऑफिसातल्या कपाटात एकत्र ठेवाव्यात, हे बहुतेक सभांत एकमतानं ठरतं. मग किल्ली सेक्रेटरींकडे सातव्या मजल्यावर राहते. ती खाली वॉचमनच्या केबिनमध्ये असावी, कारण जिन्याखाली तोच झोपतो, धूर किंवा पाणी सगळ्यांत आधी त्यालाच कळतं, आणि इमारत रिकामी करताना माणसं मोजणाराही तोच. त्याच्या स्वतःच्या कोरड्या कपड्यांचा एक जोड त्याच कपाटात ठेवायचा आहे. यादीत तो प्रत्येक वेळी विसरला जातो, म्हणून तो पहिल्या ओळीत लिहावा.